कवडीला शिंपला म्हणू नये

जपानी शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिले काही महिने ही भाषा ओळखीची वाटते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, विभक्तीचं काम करणारे छोटे शब्द नामाला मागून जोडले जातात, आणि 'वाताशि वा मिझु ओ नोमिमास' हे वाक्य 'मी पाणी पितो' याच क्रमानं उलगडतं. काना लिपीचा तक्ता पाहिला की आपली वर्णमाला आठवते: आ, इ, उ, ए, ओ; मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा योगायोग नाही. बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचलेल्या सिद्धम् या भारतीय लिपीच्या अभ्यासातून ही मांडणी घडली. 'सा'ची ओळ आपल्या चवर्गाच्या जागी बसते, 'हा'ची पवर्गाच्या. इथवर सगळं सुरळीत. मग कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली अक्षरं, सुरू होतात आणि वर्गाला गळती लागते.

जपानी सरकारच्या जोयो, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या कांजींच्या, यादीत २०१० पासून २१३६ कांजी आहेत. परदेशी लोकांसाठीच्या जेएलपीटी परीक्षेत सर्वांत खालच्या एन-५ पातळीला साधारण शंभर कांजी लागतात, एन-४ ला तीनशेच्या आसपास, आणि एन-१ ला जवळपास सगळी यादी. पुण्या-मुंबईत ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. तिच्या तयारीत कांजी कशी शिकवायची यावर दोन मतं कायम ऐकू येतात. एक म्हणतं, चौकटीच्या वहीत गिरवा, हात बसला की डोकं बसतं. दुसरं म्हणतं, गिरवणं सोडा, प्रत्येक कांजीची गोष्ट करा. गोष्टींचे तयार संच मोबाइलवर मिळतात आणि ते बहुतेक सगळे इंग्रजीत आहेत.

माझं मत गोष्टींच्या बाजूचं आहे, पण एका अटीवर. गोष्ट कांजीच्या खऱ्या भागांवर उभी हवी, त्यात उच्चार हवा, आणि ती मराठीत हवी. तिसरी अट भाषाभिमानातून आलेली नाही, ती सोयीची आहे. का, ते पुढे उदाहरणांनी दाखवतो.

आधी गिरवण्याबद्दल. 'जपानी मुलं गिरवूनच शिकतात' हा त्या बाजूचा सर्वांत मोठा आधार. मुलं गिरवतात हे खरंच आहे. पहिलीत ८० कांजी, दुसरीत १६०, तिसरीत २००, चौथीत २०२, पाचवीत १९३, सहावीत १९१. सहा वर्षांत १०२६. पण त्या मुलाला शब्द आधीच येत असतो. 'जिकान' म्हणजे वेळ हे त्याला सात वर्षांचं होईपर्यंत हजार वेळा कानावर पडून पाठ झालेलं असतं. शाळा त्याला फक्त त्या शब्दाचा पोशाख दाखवते. पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला शब्दही नवा, अर्थ जोडणंही नवं, आकारही नवा. त्याला सहा वर्षं नाहीत, सहा महिने आहेत. वीस वेळा गिरवताना पहिल्या तीन वेळी डोकं चालतं, पुढच्या सतरा वेळी फक्त मनगट. आणि 'थांबणे' व 'धरणे' या दोन कांजींत डावीकडच्या दोन-तीन रेघांचाच फरक असतो. हा फरक मनगटाला कळत नाही.

गोष्टीनं नेमकं काय होतं? दोन सारख्या दिसणाऱ्या आकारांना वेगळं करणारी खूण मिळते आणि आठवायला एक धागा मिळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅटकिन्सन यांनी सहकाऱ्यासोबत १९७५ मध्ये रशियन शब्दांवर केलेला प्रयोग या बाबतीत वाचण्यासारखा आहे. १२० शब्द, तीन दिवस. ओळखीच्या शब्दाचा आणि मनातल्या चित्राचा आधार घेतलेल्या विद्यार्थ्यांना शेवटी ७२ टक्के शब्द आले, बाकीच्यांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी न सांगता चाचणी घेतली तेव्हा ४३ आणि २८. गोष्टवाल्यांची आघाडी टिकली, हे लोक आवडीनं सांगतात. पण ७२ वरून ४३ वर ते आले, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. गोष्ट सुरुवात करून देते, टिकवण्याचं काम उजळणीच करते.

आपल्याला युक्त्या नव्या नाहीत. इंद्रधनुष्याचे रंग आपण 'तानापिहिनिपाजा'नं पाठ केले आणि वृत्तांचे गण 'यमाताराजभानसलगा'नं. या दोन युक्त्यांमध्ये मोठा फरक आहे आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकात आहे. 'तानापिहिनिपाजा'मध्ये रंगांची पहिली अक्षरं ओळीनं लावलेली आहेत. तांबडा म्हणजे काय हे त्यातून कळत नाही. 'यमाताराजभानसलगा'चं तसं नाही. 'यमाता' म्हटलं की लघु-गुरु-गुरु हा य गण कानांना ऐकूच येतो, 'मातारा' म्हटलं की तीन गुरु, 'नसल' म्हटलं की तीन लघु. ज्याची आठवण ठेवायची तेच युक्तीच्या पोटात आहे. कांजीच्या गोष्टीही या दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या गोष्टी बनवायला सोप्या आणि बाजारात भरपूर आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी कांजीची घडण माहीत असावी लागते.

'पालक' या अर्थाची कांजी घ्या. सोळा रेघा. डावीकडे वर 'उभं राहणे', खाली 'झाड', उजवीकडे 'पाहणे'. जपानातही मुलांना सांगतात: झाडावर उभं राहून मुलाची वाट पाहतात ते आईबाप. गोष्ट गोड आहे आणि एकदा ऐकली की विसरत नाही. पण तिनं डावीकडच्या भागाचे दोन तुकडे केले आणि तिथेच नुकसान झालं. तो भाग मुळात एक आहे आणि त्याचं काम उच्चार सांगणं हे आहे: 'शिन'. त्याच्या शेजारी कुऱ्हाड ठेवली की 'नवा' ही कांजी होते, तिचाही उच्चार 'शिन'. मुंबई-अहमदाबाद मार्गामुळे घरोघरी पोचलेल्या 'शिन्कान्सेन'मधला 'शिन' तो हाच. 'नवा'च्या डोक्यावर गवताचं चिन्ह ठेवलं की 'सरपण' होतं, उच्चार पुन्हा 'शिन'. र्‍योऽशिन म्हणजे आईवडील, शिन्सेत्सु म्हणजे आपुलकीनं वागणारा, शिन्बुन म्हणजे वर्तमानपत्र. एका भागावर हे सगळं उभं आहे, आणि झाडावरच्या आईबापांची गोष्ट सांगणारा विद्यार्थी ते पाहू शकत नाही.

मी त्या भागाला 'सरपण-शिन' असं नाव सुचवीन. सरपणाला कुऱ्हाड लागली की ताजं, नवं लाकूड उघडं पडतं. ही गोष्ट तर त्या कांजीच्या खऱ्या इतिहासाच्या जवळ जाते. आणि सरपणाकडे पाहणारे ते पालक, कारण रात्री चूल पेटेल की नाही याची काळजी घरात त्यांनाच असते. हे दुसरं वाक्य माझ्या पदरचं आहे, इतिहास नव्हे. चालेल. भाग अखंड राहिला आणि 'शिन' हातात राहिला, एवढं पुरे.

चिनी अक्षरांपैकी फार मोठा हिस्सा असाच बनलेला आहे: एक भाग अर्थाचं क्षेत्र सांगतो, दुसरा उच्चार सुचवतो. इ.स. १०० च्या सुमारास शू शेन यांनी तयार केलेल्या कोशापासून ही वर्गवारी चालत आली आहे. तरीही आपल्याकडे सुरुवातीला नेमक्या अपवादात्मक कांजी चित्रांसह शिकवतात: माणूस झाडाला टेकला की विश्रांती, दोन झाडं म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे रान. विद्यार्थ्याचा समज होतो की कांजी म्हणजे चित्र. तीनशेव्या कांजीपर्यंत चित्रं संपलेली असतात, समज तसाच राहतो, आणि मग तो प्रत्येक रेघेत ओढूनताणून चित्र शोधत बसतो.

उच्चाराचे भाग किती कामाचे आहेत ते पाहा. 'निळा' या कांजीचा चिनी वळणाचा उच्चार 'सेइ'. तिच्या डावीकडे सूर्य आला तर निरभ्र आकाश, पाण्याचे तीन थेंब आले तर स्वच्छ, वाचेचं चिन्ह आलं तर विनंती, तांदूळ आला तर सत्त्व किंवा जीव. चारही 'सेइ'. डावीकडे हृदय आलं की भावना, पण तिथे उच्चार 'जोऽ' होतो. विद्यार्थ्याला चार फुकट मिळाले आणि एक अपवाद वेगळा लक्षात ठेवायचा राहिला. या घराण्यासाठी गोष्ट हवी ती फक्त अपवादाला. वाचेचं चिन्ह आणि विनंती, पाणी आणि स्वच्छता यांना गोष्ट कशाला? ती नाती उघड आहेत. जिथे दिसतंय तिथे गोष्ट लादू नये. गोष्टींचाही बोजा होतो.

आता मराठीचा मुद्दा.

'खरेदी', 'संपत्ती', 'खर्च', 'गरिबी', 'उसनं देणं', 'बचत', 'विक्री' या सगळ्या कांजींमध्ये एक भाग समान आहे. एकटा आला तर आज त्याचा अर्थ शिंपला. इंग्रजी संचांमध्ये त्याला शिंपल्याचंच नाव आहे, आणि शिंपल्याचा पैशाशी संबंध लावायला तिथे दरवेळी नवी कसरत करावी लागते. पण मूळ चित्र प्राचीन चीनमध्ये चलन म्हणून वापरलेल्या कवडीचं आहे. मराठी माणसाला 'कवडी' म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. फुटकी कवडी, कवडीमोल, कवडीचुंबक: आपल्या भाषेत कवडी अजून पैसाच आहे. त्या एका नावात सात-आठ कांजींचा अर्थ आपसूक बसतो. तयार इंग्रजी संच पाठ करणारा मराठी विद्यार्थी हा फायदा सोडून शिंपला पाठ करतो आणि मग शिंपला व पैसा यांची सांगड घालायला आणखी एक वाक्य पाठ करतो.

असंच सुपाचं. 'कि' उच्चाराचा एक भाग आहे, त्याचं मूळ चित्र धान्य पाखडायच्या सुपाचं. त्याच्याजवळ चंद्र आला की मुदत, खाली माती आली की पाया, ध्वजाचं चिन्ह आलं की निशाण, लाकूड आलं की पटावरच्या शोगीच्या खेळातली कांजी. चारही 'कि'. सुपाला 'सूप-कि' म्हणा. पौर्णिमेपर्यंत सुपात दाणे पुरले पाहिजेत, ही मुदत. सूप जमिनीवर पालथं घातलं, हा पाया. ज्या घरात सूप पाहिलेलं आहे तिथे ही वाक्यं एकदाच ऐकावी लागतात.

छपराचे दोन भाग आहेत. एकाला दोन्ही बाजूंनी उतार आहे, त्याला 'छप्पर' म्हणावं. दुसऱ्याला एकाच बाजूला भिंत आहे, पुढची बाजू मोकळी. त्याला मराठीत 'पडवी' हा नेमका शब्द आहे. भाताच्या शेताच्या चौकटीला 'खाचर' म्हणावं, कारण जपानीत ते भाताचंच शेत आहे. हे शब्द कोकणातल्या विद्यार्थ्याला रोजचे आणि सोलापूरच्या विद्यार्थ्याला थोडे दूरचे असतील. तिथे शिक्षकानं नाव बदलावं, पण एकदा ठरवलं की वर्षभर तेच ठेवावं.

आणि भागांना स्वतःच्या बोलीत नाव देणं यात बंडखोरी काही नाही. जपानी लोकांनी तेच केलं आहे. पाण्याच्या तीन थेंबांना ते 'सान्झुइ' म्हणतात, गवताच्या चिन्हाला 'कुसाकान्मुरि', म्हणजे गवताचा मुकुट. आजाराच्या भागाचं नाव 'यामाइदारे'. फोनवर कांजी समजावून सांगताना ते हीच नावं वापरतात. त्यांच्या नावांची ओळख आपल्या विद्यार्थ्यालाही हवीच, पण ती दुसऱ्या फेरीत.

'देऊळ' या भागाचं घराणं मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण तिथे गोष्टींची ताकद आणि धोका दोन्ही दिसतं. त्याचा उच्चार 'जि'. डावीकडे सूर्य: वेळ, 'जि'. देवळातल्या घंटेवरून दिवसाचे प्रहर कळायचे. हात: धरणे, 'जि'. दोन्ही हातांत प्रसाद धरलेला. माणूस: सामुराई, 'जि'. देवळाच्या दाराशी उभा रक्षक. वाचा: कविता. देवळात म्हटलेला अभंग. पाऊल: थांबणे, वाट पाहणे. पंढरपूरच्या दर्शनबारीत एकेक पाऊल पुढे सरकणारा वारकरी. गाय किंवा बैल: खास. देवळात मान असलेला एकच बैल, तो नंदी. सगळ्या गोष्टी एका दमात जमतात आणि इतर कुठल्या भाषेत त्या इतक्या चांगल्या जमल्या नसत्या.

मग धोका कुठे? कवितेचा उच्चार 'शि' आहे, जो 'जि'च्या शेजारचा आहे. पण वाट पाहण्याचा उच्चार 'ताइ', आणि खासचा 'तोकु'. नंदीची गोष्ट पाठ करून खूश झालेला विद्यार्थी 'तोकुबेत्सु' हा शब्द 'जिबेत्सु' असा वाचतो. गोष्ट उत्तम, शब्द चुकीचा. म्हणून या घराण्यात 'जि' देणाऱ्या कांजी एका रंगात आणि न देणाऱ्या दुसऱ्या रंगात लिहाव्यात, आणि न देणाऱ्या प्रत्येकीच्या खाली एक शब्द बांधून ठेवावा: 'ताइ'साठी शोऽताइ, म्हणजे आमंत्रण, 'तोकु'साठी तोकुबेत्सु, म्हणजे विशेष.

हा आक्षेप काही शिक्षक वेगळ्या रीतीनं घेतात: उच्चाराचे भाग दगा देतात, म्हणून ते शिकवूच नयेत. मला हे पटत नाही. शेकडो वर्षांत चिनी उच्चार बदलले, जपाननं ते वेगवेगळ्या काळात उचलले, त्यामुळे घराण्यांत फाटे फुटले. पण 'सेइ', 'कि', 'शिन'सारखी एकजीव घराणी भरपूर आहेत. पावसाळ्यात दोन दिवस ऊन पडतं म्हणून कोणी छत्री विकून टाकत नाही.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाकडे आणखी एक भांडवल आहे आणि ते वर्गांत क्वचितच वापरलं जातं. एका कांजीला दोन-दोन, तीन-तीन उच्चार असतात याची विद्यार्थ्यांना धास्ती वाटते. पाणी एकटं आलं तर 'मिझु', जोडशब्दात 'सुइ': सुइदोऽ म्हणजे नळाचं पाणी, सुइएइ म्हणजे पोहणं. पण आपण तरी काय करतो? घरात 'पाणी' म्हणतो आणि खातं 'जलसंपदा'. डोळा दुखतो, पण पेढी 'नेत्रपेढी' असते. हात लिहितो, पण सही 'हस्ताक्षर' होते. देशी शब्द एकटा वावरतो, तत्सम शब्द समासात येतो. जपानीतले कुन उच्चार म्हणजे त्यांचे देशी आणि ओन उच्चार म्हणजे चिनीतून आलेले तत्सम. एवढं पहिल्याच तासाला सांगितलं तर ही दुहेरी व्यवस्था विद्यार्थ्याला जाचक वाटत नाही; त्याच्या डोक्यात ती आधीच बसलेली आहे. आणि मग उच्चारासाठी वेगळी शाब्दिक कोटी रचण्याचा मोहही टळतो. 'कोऽ' उच्चाराच्या कांजी जोयो यादीतच पन्नासहून अधिक आहेत. प्रत्येकीच्या गोष्टीत 'को' कोंबडा आणला तर खुराडं भरेल, पण एकही कांजी वेगळी ओळखू येणार नाही.

काही ठिकाणी खोटी गोष्टच उपयोगी पडते, हेही मान्य करायला हवं. युद्धानंतर जपाननं कांजींची संख्या १८५० वर आणली आणि १९४९ मध्ये अनेक आकार सोपे केले. त्यात कित्येक कांजींचे अवयव बदलले. 'शरीर' या कांजीत पूर्वी डावीकडे हाडं होती. आज माणूस आणि 'मूळ' एवढंच उरलं आहे. तिथे इतिहास शोधून आकार समजणार नाही. 'माणसाचं मूळ म्हणजे शरीर' हे वाक्य बिनधास्त वापरावं. 'पूर्व' दिशेचंही तसंच. झाडामागून उगवणारा सूर्य ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, मूळ चित्र मात्र दोन्ही टोकांना बांधलेल्या गाठोड्याचं आहे. गाठोड्याचा पूर्वेशी अर्थानं काही संबंध नाही, तो फक्त उच्चारासाठी उसना घेतलेला. सूर्याची गोष्ट ठेवावी. तिनं काही बिघडत नाही. कसोटी एकच आहे: ही गोष्ट पुढे येणाऱ्या दुसऱ्या कांजीला आडवी येते का? पालकांची येते, पूर्वेची येत नाही.

महिना किंवा चंद्र या आकाराची गोष्ट मात्र हमखास आडवी येते. फुप्फुस, जठर, आतडं, यकृत, कंबर, छाती, मेंदू, दंड या सगळ्यांत तो आकार आहे, आणि तिथे तो चंद्र नाही, मांस आहे. दोन वेगळे भाग लिहिण्याच्या ओघात सारखे झाले. त्याला शरीरात 'मांस' म्हणायचं हे पहिल्याच दिवशी सांगितलं की अवयवांच्या कांजी रांगेनं उभ्या राहतात. मांसाशेजारी 'योऽ' म्हणजे कंबर, मांसाशेजारी 'कान' म्हणजे यकृत. चरबीला जपानीत 'शिबोऽ' म्हणतात. दोन कांजी, दोन्हीकडे मांस, एकीत 'शि' हा उच्चार-भाग, दुसरीत 'बोऽ'चा. शब्द न शिकवता वाचता येतो.

हे मी सर्वांत आग्रहानं मांडतो, कारण त्याचा संबंध आता नोकऱ्यांशी आहे. भारत आणि जपान यांनी जानेवारी २०२१ मध्ये निर्दिष्ट कुशल कामगारांबाबत करार केला. त्या व्हिसासाठी एन-४ किंवा तिच्या तोडीची भाषा परीक्षा लागते. या वाटेनं वृद्धांच्या शुश्रूषेच्या कामाला जाणारे अनेक तरुण-तरुणी मराठी माध्यमातून शिकलेले असतात. त्यांना तिथे आजाराच्या कांजी रोज वाचाव्या लागतील. आजाराचा भाग मुळात खाटेवर पडलेल्या माणसाचा. त्याला 'खाट' म्हणा. खाटेवर 'कातडी' आली, उच्चार 'हि': थकवा. खाटेवर 'योग्य' ही कांजी आली, उच्चार 'शोऽ': लक्षण, विकार. खाटेवर 'लाभ' आला, उच्चार 'रि': अतिसारातला 'रि'. कातडी, योग्य आणि लाभ यांच्या अर्थाचा इथे काही संबंध नाही. ते फक्त आवाज देतात. जो या तिघांच्या अर्थावरून गोष्ट रचील तो थकव्याला कातडीशी जोडून मोकळा होईल आणि रुग्णाच्या नोंदवहीत 'हिरोऽ' समोर आला की अडेल. अशा वर्गात तयार इंग्रजी संच वाटणं म्हणजे विद्यार्थ्याला दोन परक्या भाषांतून एक अक्षर शिकवणं.

गोष्ट करायची कशी, ते सांगतो. आधी कांजीचे दोन किंवा तीन भाग पाडावेत, जास्त नाहीत. चार भाग होत असतील तर त्यातले दोन मिळून आधी शिकलेला एक भाग असतो, तो शोधावा. उच्चार देणारा भाग असेल तर तो लाल शाईनं काढावा. मग एक वाक्य, फार तर बारा शब्दांचं. भाग ज्या क्रमानं लिहितात त्याच क्रमानं वाक्यात यावेत: डावीकडून उजवीकडे, वरून खाली. 'वाट' हा भाग डावीकडून वळून खाली पसरतो, पण लिहितात शेवटी, म्हणून त्या कांजींचं वाक्यही वाटेवर संपावं. 'जवळ' ही कांजी पाहा: 'कुऱ्हाड-किन' आणि वाट, उच्चार 'किन'. 'कुऱ्हाड खांद्यावर, जवळच्या रानाची वाट.' पाच शब्द, क्रम बरोबर, आवाजही आत. वाक्याखाली एक शब्द: किन्जो, म्हणजे शेजारपाजार.

वाक्यात जागा सांगायला विसरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. 'मोठा' या कांजीला उजव्या खांद्याजवळ ठिपका दिला की कुत्रा, पायांमध्ये दिला की जाड. 'मोठा आणि ठिपका' एवढंच गोष्टीत असेल तर दोन्ही एकच होतात. झाडाच्या कांजीवर आडवी रेघ लांब असेल तर शेंडा, म्हणजे शेवट. 'श्यूऽमात्सु', आठवड्याची अखेर, यातला 'मात्सु'. तीच रेघ आखूड असेल तर 'अजून नाही'. 'मिराइ', भविष्य, यातला 'मि'. शेंडा पूर्ण वाढला तर शेवट आला, अजून वाढायचा असेल तर अजून नाही: या वाक्यात रेघेची लांबी आपोआप येते. तसंच कानासारखा दिसणारा एक आकार डावीकडे आला तर टेकडी, उजवीकडे आला तर गाव. नावं दोन ठेवावीत, 'कान' मुळीच म्हणू नये.

दुसरी चूक उलट टोकाची: गोष्ट फार रंगवणं. पाच वाक्यांची गोष्ट आठवते, पण ती आठवेपर्यंत वाचनाची ओळ निघून जाते. तिसरी, दुसऱ्याची गोष्ट जशीच्या तशी उचलणं. भागांची नावं वर्गाची सामायिक असावीत, वाक्य मात्र ज्याचं त्यानं करावं. ते करताना जी दोन मिनिटं त्या आकाराकडे पाहणं होतं तेच खरं शिकणं.

मग लिहायचं, पण बघून नव्हे. कागदाला घडी घालून वरची कांजी झाकावी, वाक्य मनात म्हणावं आणि आठवून एकदा लिहावं. चुकलं तर उघडून पाहावं, पुन्हा झाकावं. तीन वेळा पुरे. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्यानं, तीन आठवड्यांनी परत. दिवसाला सहा नव्या, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे दहा आठवड्यांत तीनशे. जुलैच्या परीक्षेसाठी मार्चच्या शेवटी सुरुवात केली तर एन-४ च्या कांजी जूनच्या आरंभी हातावेगळ्या होतात आणि उजळणीला चार आठवडे उरतात. रोजच्या सहांच्या दहा कोणी करू नयेत. तिसऱ्या आठवड्यापासून उजळणीचा ढीग नव्यांना गिळतो.

१९७७ मध्ये जेम्स हाइसिग यांनी मांडलेली पद्धत याहून टोकाची आहे: आधी सगळ्या जोयो कांजींचे आकार आणि एकेक अर्थ गोष्टींनी शिकायचे, उच्चार नंतर. जपानात राहून पूर्ण वेळ शिकणाऱ्याला ती मानवत असेल. तिथे रस्त्यावरची प्रत्येक पाटी उजळणी घेते. नोकरी सांभाळून आठवड्याला सहा तास देणाऱ्या इथल्या विद्यार्थ्यानं दोन हजार अर्थ उच्चारांविना साठवले तर परीक्षेत त्यांतला एकही शब्द वाचता येणार नाही. त्याला पहिल्या दिवसापासून शब्द हवा.

आणि गोष्ट कधी सोडायची? कार्डावर पुढे कांजीचा शब्द वाक्यात लिहावा, मागे उच्चार व अर्थ, आणि गोष्ट मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं. पेन्सिलीनंच, कारण ती खोडायची आहे. लागोपाठ तीन उजळण्यांमध्ये गोष्ट न आठवता शब्द वाचता आला की कोपरा पुसून टाकावा. वर्षाअखेरीस ज्याच्या गठ्ठ्यात निम्मे कोपरे अजून भरलेले आहेत त्यानं नव्या कांजी थांबवून वाचायला घ्यावं, मुलांची चित्रपुस्तकं का होईना.

जपानी शिकवणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या संस्थांनी मिळून एक काम करावं असं मला मनापासून वाटतं: साठ-सत्तर भागांचा मराठी तक्ता. प्रत्येक भागाचं नाव, जागेनुसार बदलत असेल तर दोन नावं, उच्चार देत असेल तर तो, आणि ज्या पहिल्या पाच कांजींत तो भेटतो त्या. नावांवर वाद होतील. सुताच्या भागाला 'सूत' म्हणावं की 'दोरा', वाचेला 'वाचा' की 'बोल', दाराच्या दोन फळ्यांना 'दार' की 'वेस'. हे वाद शिक्षकांनी एका टेबलाभोवती बसून करावेत आणि दर वर्षी डिसेंबरच्या परीक्षेनंतर, कुठलं नाव विद्यार्थ्यांच्या तोंडी टिकलं ते पाहून, तक्ता दुरुस्त करावा.